बोराटीतलं रोप

"महाराज, खरं सांगा. म्हाळूला तुम्ही मुद्दाम चांगलं रोप दिलंत की नाही?"

सकाळची वेळ. भैरवगिरी महाराज धुनीपाशी बसून घोंगडी शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उद्धवाचा आवाज चिरकला होता. कारणही तसंच होतं. त्या रेताड माळावरच्या मठात शिष्य दोनच, उद्धव आणि म्हाळू. महाराजांनी दोघांना शमीचं एकेक रोप दिलं होतं आणि चारचौघांत सांगून टाकलं होतं, ज्याचं रोप तीन उन्हाळे तगेल त्यानं माझ्यामागे मठ सांभाळायचा.

तिसरा उन्हाळा सरायला आता आठच दिवस उरले होते. गावच्या शेळ्यांनी काल उद्धवाच्या रोपाचा पुन्हा बुडखा करून ठेवला. ही पाचवी खेप. आणि म्हाळूचं? कंबरेला लागत होतं, हिरवंगार!

म्हाळू जातीचा धनगर. त्याला धड एक श्लोक म्हणता येत नव्हता. उद्धव त्याला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होता.

"मी रोज दोन घागरी घालतो," उद्धव म्हणाला. "आळं करतो, भांगलतो, भोवती गवताची काडी ठेवत नाही. आणि हा गडी बोराटीच्या जाळीत रोप खुपसून मोकळा झाला! चार दिवसांनी एक तांब्या ओततो. तरी वाढतं ते त्याचंच?"

"मग काय करू म्हणतोस?"

मनातलं बोलायची उद्धवाला लाज वाटत होती. पण माळावरच्या बोराटीकडे वळणारी नजर काही लपत नव्हती.

"बरं तर," महाराज म्हणाले. "आजपासून त्याचं रोप तुझं, तुझा बुडखा त्याचा. काय रे म्हाळू?"

म्हाळू अंगणात लाकडं फोडत होता.

"चालंल," म्हणाला आणि त्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली.

उद्धवाच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. अरे, निदान भांडायचं तरी!

तो कोयता घेऊन तडक माळावर गेला. रोप देखणंच होतं, पण चहूकडून ती काटेरी बोराटी. ही बया माझ्या झाडाचं पाणी पिणार? आणि हिच्या आड झाड लोकांना दिसणार तरी कसं?

त्यानं बोराटी तोडली, मुळं खणून काढली. काटे दंडाला ओरबाडून गेले, तळव्यात मोडले, कपाळावर रक्त आलं. पण गडी हटला नाही. दुपारपर्यंत रोप मठाच्या दारातून लख्ख दिसायला लागलं.

मग काय विचारता! येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवणं सुरू झालं. म्हाळूला तर दोनदा हाक मारून दाखवलं.

तिन्हीसांजेला शेळ्या माळावरून गावाकडे परतल्या.

उद्धव ओरडत धावला, पण तोवर कारभार आटोपला होता. पानं गेली, शेंडा गेला, सालसुद्धा सोलली होती.

उरलेली काडी मुठीत घेऊन तो महाराजांपुढे येऊन बसला.

"सगळं गेलं, महाराज. मी तर नुसतं साफ केलं होतं. त्या शेळ्यांचं वाटोळं होवो! तीन वर्षं झाली, माझ्याच मुळावर उठल्यात."

महाराजांनी घोंगडीतली सुई काढली. उद्धवाचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यातला एकेक काटा काढू लागले. उद्धव लहान मुलासारखा रडत होता.

"शेळ्या संध्याकाळी आल्या रे," महाराज म्हणाले. "सकाळपासून हे काटे कुणाला अडवत होते?"