चिचूचा धुतलेला डाव

खाडीकाठी बगळेकाकांची खाणावळ. तिथे आली चिचू चिचुंद्री. इवलुशी. भुकेली. तुरुतुरु, तुरुतुरु!

चिचूला कोळंबी चालत नाही. खेकडाही चालत नाही. खाल्लं की ओठ सुजतात. श्वास अडकतो. म्हणून ती आधी विचारते.

"काका, यात कोळंबी आहे का?"

"नाही गं बाई! वाटाण्याची उसळ आहे. गरम भाकरी आहे. बस."

चिचू बसली. पानावर भाकरी आली. काकांनी शेजारच्या पानावर कोळंबीचं कालवण वाढलं. तोच डाव घेऊन ते उसळीकडे वळले. वाटेत थेंब पडला. टप्प! चिचूच्या भाकरीवर!

"थांबा काका! तो डाव कोळंबीचा!"

"एवढासा तर थेंब. पुसून खा."

"पुसून नाही चालत, काका."

चिचूने पान सरकवलं. भाकरी गेली.

पंगत हसली. "काय बाई नखरे!"

सगळे भुरके मारत होते. भुर्र, भुर्र. चिचू एकटीच उभी.

"काका, धुतलेला डाव घ्या ना."

"धुतलेला कुठून आणू? खारूताई घासेल, तेव्हा मी वाढेन."

तुरुतुरु, तुरुतुरु!

"खारूताई, खारूताई, डाव घास ना!
काका वाढेनात,
चिचू उपाशी!"

"पाण्याशिवाय घासू कशी? कासवदादा पाणी आणेल, तेव्हा मी घासेन."

तुरुतुरु, तुरुतुरु!

"कासवदादा, कासवदादा, पाणी आण ना!
खार घासेना,
काका वाढेनात,
चिचू उपाशी!"

"विहिरीच्या वाटेत म्हैस बसलीय. म्हैसमावशी उठेल, तेव्हा मी आणेन."

तुरुतुरु, तुरुतुरु!

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना!
कासव आणेना,
खार घासेना,
काका वाढेनात,
चिचू उपाशी!"

"मला बाई आळस आलाय. कुणी चिमटा काढेल, तेव्हा मी उठेन."

चिचूने चिमटा काढला. म्हशीला कळलाच नाही.

ऊन कललं. चिचू चिखलात बसली. एकटी. पोटात गुडगुड. डोळ्यांत पाणी.

शेजारी एक बीळ. बिळात दोन डोळे. लुकलुक, लुकलुक!

"कोण आहे? मला खायला आलीस?"

"नाही रे खेकडोबा. मी तुला कधीच खात नाही. तू मला चालतच नाहीस!"

"कधीच नाही?"

"कधीच नाही!"

खेकडा बाहेर आला. तिरका तिरका.

"सगळे मला खायलाच येतात. म्हणून मी एकटा. तू का गं एकटी?"

"चिमटा मिळेना,
म्हैस उठेना,
कासव आणेना,
खार घासेना,
काका वाढेनात,
चिचू उपाशी!"

"चिमटाच हवा ना? चल!"

खेकड्याने काढला चिमटा. कच्च!

"अगं आई गं!" म्हैस उठली.
वाट झाली. कासवाने पाणी आणलं. डुलूडुलू.
खारूताईने नवा काथ्या घेतला. डाव घासला. खसाखसा.
काकांनी हात धुतले. नवं पान, नवी भाकरी, धुतलेला डाव. आणि वाफाळती उसळ!

चिचूमागून खेकडाही आला. "अरे वा, खेकडा!" काकांनी चोच उघडली.

चिचू मध्ये उभी राहिली. एवढीशी!

"काका! तो माझा पाहुणा आहे."

काकांनी चोच मिटली. "बरं बाई. बस रे बाबा."

मग त्यांनी तो डाव वेगळ्या खिळ्याला टांगला.

"हा चिचूचा. याला कोळंबी लागायची नाही."

खेकडा जरा लांबच बसला. चिचूला त्रास नको म्हणून. दोघं जेवली. भुर्र, भुर्र!

"खेकडोबा, उद्या येशील?"

"मला खाणार नाहीस ना?"

"कधीच नाही!"

"मग येईन."