पोलादाचा आरसा

“सर, दुसरा मायक्रोस्कोप मिळेल का? यात काही दिसतच नाही.”

इनामदार सरांनी चष्मा कपाळावर सारला. समोर सुयोग उभा होता. हुपरीचा, चांदीकाम करणाऱ्या घरातला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपवून उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांच्या धातूंच्या प्रयोगशाळेत संशोधन शिकायला आला होता.

पोलादाचा तुकडा घासायचा आणि त्याच्या आतल्या कणांचा फोटो काढायचा, एवढंच काम त्याला दिलं होतं. उद्या तो फोटो सगळ्यांसमोर दाखवायचा होता. ज्याचा फोटो नाही, त्याची उरलेली सुट्टी घरी.

सरांनी तुकडा हातात घेतला. त्यात त्यांची पांढरी मिशी स्वच्छ दिसत होती.

“वा. या लॅबमध्ये असा आरसा कुणी केला नव्हता.”

सुयोग खुलला. म्हणाला, घासणं आमच्या रक्तातच आहे.

सर मायक्रोस्कोपात डोकावले. नुसता पांढरा उजेड...

त्यांनी विचारलं, ॲसिडमध्ये बुडवलास का? सुयोगने मान हलवली. नाही. तिथल्या सीनियर मृण्मयीताईने ‘बुडव’ म्हणून रोज सांगितलं होतं. पण इतकी चकाकी आपल्याच हाताने घालवायची, हे त्याला पटेना. असं काळवंडलेलं काम घेऊन गेलो तर आजोबा घरात घेणार नाहीत, असं त्याने तिलाच उलट ऐकवलं होतं.

“आजोबांच्या गिऱ्हाइकाला काय बघायचं असतं?”

“चकाकी.”

“आणि तुला?”

सुयोगची नजर मायक्रोस्कोपाखालच्या तुकड्याकडे गेली.

सरांनी हातमोजे चढवले. चिमट्याने तुकडा उचलला आणि पातळ ॲसिडच्या वाटीत सोडला.

सुयोगचा हात आपसूक पुढे गेला, तसाच मागे आला.

थोड्या वेळाने सरांनी तुकडा धुऊन, वाळवून मायक्रोस्कोपाखाली ठेवला. आरसा गेला होता. मिशीही गेली होती.

सुयोगने डोळा लावला तो काढेचना. आत लहान लहान शेतं, एकमेकांना खेटून, मध्ये काळे बांध. एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही...

“सर, हे आधीपासून आत होतं?”

सरांनी हसत मान डोलावली.

याचाच फोटो उद्या दाखवतो, म्हणत सुयोग घाईघाईने कॅमेऱ्याचं बटण शोधू लागला. सरांनी तो तुकडा अलगद काढून घेतला आणि एक नवा, गंजका तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

“तो मी बिघडवला. तुझा तू बिघडव.”