दोर धरणाऱ्याची वाणी

एकदा वरुणक नावाचा गृहपती आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन विहारात आला. भगवान शास्त्यांना वंदन करून तो म्हणाला, "भदंत, हिला काही उपदेश करा. हिला सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." मग मागे वळून म्हणाला, "सुमने, खांबाला टेकू नकोस. नखे खाऊ नकोस." मुलगी खांबाच्या आड गेली. शास्ते तिला काहीच बोलले नाहीत. त्यांनी गृहपतीला बसवून घेतले आणि पूर्वजन्मीची एक गोष्ट सांगितली.

फार पूर्वी विंध्य पर्वताच्या मुलखात एक राजा धर्माने राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व मध काढणाऱ्यांच्या एका पाड्यात जन्मास आला होता. त्याचे नाव क्षेमक. त्या पाड्यातली माणसे दोराने कडा उतरत आणि कपारीतली आग्या मोहोळे काढत. वर दोर धरायला उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ असे. आपल्या बहिणीचा संसार मोडावा असे कोणत्या भावाला वाटेल? दोर धरणाऱ्याला एकच नियम होता. खाली लोंबकळणाऱ्याला हात कुठे घालायचा, पाय कुठे टेकायचा एवढेच सांगायचे. 'पडशील', 'घसरू नकोस' हे शब्द कड्यावर काढायचे नाहीत. दोरावरून भीती खाली सोडू नये, असे जुनी माणसे म्हणत.

क्षेमक आपल्या बहिणीच्या नवऱ्याचा, भल्लकाचा दोर धरी. भल्लक कष्टाळू होता. आपल्या कुसुंभा नावाच्या मुलीवर त्याचा जीव होता. पण घरात त्याच्या तोंडी हे करू नकोस आणि ते शिवू नकोस, यापलीकडे भाषा नव्हती. लहानपणी तिने एकदा मधात बोट बुडवले होते. तेव्हापासून घरात काही हरवले की तो आधी तिच्याकडे बघे. आपल्याकडे चोर म्हणून बघतात, याची सवय मुलाला फार लवकर लागते.

पाड्यातल्या बाळंतिणींसाठी मधाचे एक गाडगे राखून ठेवलेले असे, आणि ते भल्लकाच्या घरी असे. एके दिवशी शेजारची बाई बाळंत झाली. गाडगे उघडले तर रिकामे. कुसुंभेने खरोखरच तो मध खाल्ला होता, रोज थोडा थोडा करून. भल्लक साऱ्या पाड्यादेखत ओरडला, "चोरटी कुठली! हे गाडगं भरल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस!"

रागात माणूस बोलून जातो. मूल मात्र ते खरे धरते. कुसुंभेने गाडगे पाठीला बांधले, टाकून दिलेला एक जुना दोर उचलला, तो कड्यावरच्या झुडपाला बांधला आणि ती खाली उतरली.

लाकडे वेचणाऱ्या बायकांनी पाहिले तेव्हा ती चार पुरुष उंचीइतकी खोल गेली होती, आणि वरचे झुडूप मुळांतून सुटत चालले होते. हाकाटी झाली. पाडा गोळा झाला. भल्लक कड्याच्या धारेवर पालथा पडून ओरडत होता, "पडू नकोस गं! खाली बघू नकोस!" प्रत्येक हाकेसरशी ती खालीच बघे आणि तिची मूठ सैल होई.

क्षेमक धावत आला. त्याने दोर आपल्या कमरेला वेढला आणि खडकाला टाचा रोवून तो मागे रेलून बसला. तेवढ्यात झुडूप उपटले आणि सारा भार त्याच्यावर आला. ओढून घ्यावे तर जुना दोर धारेवर घासून तुटला असता. तिनेच पावलापावलाने चढायला हवे होते. आणि तो बसला होता तिथून ती त्याला दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त भल्लकाला.

"दाजी," क्षेमक शांतपणे म्हणाला, "बारा वर्षं मी तुम्हाला खाली सोडतोय. पडू नका, असं एकदा तरी म्हटलं का?"

"नाही."

"मग काय म्हणतो मी?"

ज्या बोलण्याने भल्लकाला स्वतःला बारा वर्षे जिवंत ठेवले, ते त्याने एक दिवसही घरी नेले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सवयीने ओठांवर आलेला शब्द त्याने गिळला आणि तो खाली वाकला.

"कुसुंभे, मी इथंच आहे. तुझ्या उजव्या गुडघ्याजवळ एक खाच आहे. पाय तिथं ठेव."

खालून बारीक आवाज आला, "बाबा, गाडगं रिकामंच आहे अजून."

मरणाच्या दारात लटकलेल्या लेकीला गाडग्याची काळजी पडली होती. कोणत्या बापाचे काळीज हलणार नाही? भल्लकाला हुंदका आला, तो त्याने आवरला. मध तू खाल्लाच नाहीस, असे तो म्हणाला नाही. ते खोटे झाले असते.

"मध खाल्लास ते चुकलं, पोरी. वर आलीस की आपण दोघं मिळून ते भरून काढू. आता पाय खाचेत ठेव."

तिने ठेवला.

"शाब्बास. आता डावा हात वर घे. वडाचं मूळ लागेल. धर घट्ट. अस्सं."

अशी एकेक खाच, एकेक मूळ करीत ती वर आली. क्षेमकाच्या कमरेची सालटी निघाली होती, पण तो तसूभरही हलला नव्हता. भल्लकाने लेकीला पोटाशी धरले. तो किती वेळ रडत होता, ते त्याचे त्यालाही कळले नाही.

मग क्षेमकाने विचारले, "कुसुंभे, आता काय करशील?"

ती म्हणाली, "बाळंतिणीच्या घरी जाऊन सांगेन, मध मी खाल्ला म्हणून. आणि या हंगामात माझ्या वाट्याचा मध गाडग्यात घालीन, मामा."

भल्लक म्हणाला, "आणि भरलं की राखायचंही तूच."

पाड्यात कुजबुज झाली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे कोणी म्हणालेही. पण त्या गाडग्यातला मध पुन्हा थेंबानेही कमी झाला नाही.

पुढे वर्षे लोटली. मोहोळांना दिलेल्या धुराने भल्लकाची दृष्टी गेली. कुसुंभा त्याला रोज ओढ्यावर नेई. वाट दगडधोंड्यांची होती. पडाल, असे ती कधी म्हणाली नाही. ती म्हणे, "बाबा, उजवा पाय पुढं घ्या. सपाट दगड आहे. आता माझा खांदा धरा."

इतके सांगून शास्ते थांबले. मग म्हणाले, "गृहपती, त्या जन्मीचा भल्लक तू होतास. कुसुंभा ती, जी खांबाआड उभी राहून हे सारे ऐकते आहे. दोर धरणारा क्षेमक मी होतो. चुकलेल्याला पुढचे पाऊल दाखवणारी खरी आणि मृदू वाणी, हा गुण मी त्या जन्मी जोपासला."

वरुणक खांबाकडे वळला. त्याने तोंड उघडले, पुन्हा मिटले.

"सुमने," तो अखेर म्हणाला, "इकडे ये. माझ्याजवळ बस."

मुलगी खांबाआडून बाहेर आली.