पुरे कोण म्हणणार?

आता संधिवाताने आखडणारी माझी बोटं सकाळी मुकाट्याने वळायची, इतक्या जुन्या काळी एका वारुळाच्या वळणावर विंचू शिरला. राणीमुंगी ओरडली, "चावा!" पहाऱ्यावरचे मुंगळे चावले. विंचू पळाला, पण मुंगळे चावतच राहिले, दाणे नेणाऱ्या आपल्याच मुंग्यांना.

"अहो दादा, मी घरचीच चिंगी! आत पिल्लं उपाशी आहेत."

"ओळखलं गं. पण हुकूम आहे ना!"

चिंगी लंगडत राणीकडे गेली. "बाईसाहेब, त्यांना पुरे म्हणा."

राणी गोंधळली. "ते मी म्हणायचं असतं? मला वाटलं, आपोआप थांबतात."

तिने "पुरे" म्हणायला तोंड उघडलं, तर "चावा"च निघालं. खूप खटपटीनंतर त्याच्याआधी "हळू" तेवढं जोडता आलं.

त्या दिवशी पिल्लं जेवली. दाणे उशिरा आले, आणि चिंगी लंगडतच आली.