जा म्हणणारा गड

पूर्वी सुरम्या नगरीत राजा दीर्घबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या राज्याच्या अगदी टोकाला, शिलाग्राम नावाच्या गावी, सुदंत पाथरवट म्हणून जन्माला आला होता. हे गाव एका ओसाड गडाच्या पायथ्याशी होते. एके काळी तिथे तीनशे घरे नांदत होती, आता जेमतेम वीस उरली होती.

याला कारण गडावरचा आवाज. दिवस कलला आणि गडाची सावली गावावर पसरली, की वरून कुणीतरी ओरडे, “जा! जा!” तो ऐकून भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. लोक उंबऱ्यात येऊन हात जोडत आणि म्हणत, “जातो बाबा, जातो.” पण शब्द दिला म्हणजे तो पाळायला हवा. म्हणून दरवर्षी सुगीनंतर कवड्या टाकत, आणि ज्या घरावर दान पडेल त्या घराने तीन दिवसांत गाव सोडायचे. रिकाम्या घराचे घडीव दगड पाथरवटाने न्यायचे, असा रिवाज होता. खोटे कशाला बोला, सुदंताचे त्यात बरे चालले होते. गाव आटत होते आणि तो सुखाने जेवत होता.

त्या वर्षी दान उत्पलाआजीवर पडले. म्हातारीला दारापासून विहिरीपर्यंत जाववत नव्हते. मागेपुढे कुणी नाही आणि पुढचे गाव दोन दिवसांच्या वाटेवर. ती वाटेतच मरणार हे सगळ्यांना कळत होते, पण बोलत कुणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुदंत दोरी घेऊन तिच्या भिंती मोजायला गेला. आजी दारातच बसली होती.

“मोज रे बाबा, नीट मोज,” ती म्हणाली. “मी तेवढ्यात भाकरी बांधून घेते. फक्त एवढं सांग सुदंता, मी जाऊ कुठं?”

त्याच्या हातून दोरी गळाली. इतकी घरे मोजली, पण आतल्या माणसाला हा प्रश्न पडत असेल हे त्याच्या मनातही आले नव्हते. त्याला स्वतःची अतिशय लाज वाटली.

तो गावच्या प्रमुखाकडे गेला. “मी गडालाच विचारून येतो.”

“विचारतोस काय? जा म्हणतोय, ऐकू येत नाही?” प्रमुख कपाळाला हात लावून म्हणाला.

“जा म्हणतोय खरं. पण का म्हणतोय, ते आजवर कुणी विचारलंय?”

दुपार उलटता सुदंत गड चढू लागला. अर्ध्या वाटेवर कड्याला एक मोठी भेग होती. सवयीने त्याने कड्यावर हातोडी मारली. दगड खणखणीत वाजला नाही, बद्द वाजला, म्हणजे आतून पोकळ होता. इतक्यात वरून आवाज आला, “जा!” तो जीव मुठीत धरून भेग ओलांडून वर गेला. पुन्हा आवाज आला, आणि या वेळी त्याला स्वच्छ ऐकू आले, “या!”

तो भेगेच्या खाली उतरला, तर “जा.” वर चढला, तर “या.” पोकळ कडा वाटेतच शब्द बिघडवत होता. सुदंत तिथेच बसून आधी पोट धरून हसला, मग उठून गेलेली घरे आठवून रडला.

गडावर एक अवाढव्य यक्ष बसला होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. माणूस दिसताच तो गडबडून उभा राहिला.

“आलात? बसा ना! फार पूर्वीच्या एका राजानं मला इथं राखणीला ठेवलं आणि तो गेला तो गेलाच. मी रोज खालच्या लोकांना बोलावतो. जितक्या जोरानं बोलवावं, तितकी घरं कमी होतात. माझं काय चुकतं?”

सुदंताने त्याला सगळे समजावून सांगितले. मग यक्षाने तळघराचे दार उघडले. आत सोन्याची रास होती. “हे सगळं न्या. फक्त अधूनमधून येत जा.”

“सोनं नेलं तर उद्यापासून लोक सोन्यासाठी येतील,” सुदंत म्हणाला. “मग तुझ्यासाठी कोण आलं, हे तुला कधी कळायचं नाही. दार लाव.” तो उठला आणि निरोप घेताना आपण सगळेच म्हणतो तसे म्हणाला, “येतो.”

यक्षाच्या डोळ्यांत पाणी आले. शेकडो वर्षे त्याने खालून फक्त “जातो” एवढेच ऐकले होते.

“मग चल की माझ्याबरोबर,” सुदंत म्हणाला.

ते दोघे गावात शिरले तेव्हा धडाधड दारे लागली. एकच दार उघडे होते. उत्पलाआजीने त्या धिप्पाड यक्षाकडे मान वर करून पाहिले आणि बांधलेली भाकरी सोडली. “ये बाबा, बस. दमला असशील.”

त्यानंतर गावात कवड्या पडल्या नाहीत. सुदंताने नवे दगड घडवून मोडकी घरे पुन्हा उभी केली आणि त्यांचे मोल घेतले नाही.

ही पूर्वजन्मीची कथा विहारात जमलेल्या भिक्षूंना सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, ज्याचा आवाज कर्कश म्हणून तुम्ही आपली आसने उचलून दूर नेलीत, तो कुंडल भिक्षू तेव्हा यक्ष होता. गावकरी तुम्हीच होता. आज सकाळी त्याला भिक्षा वाढणारी वृद्ध उपासिका ही उत्पला होती, आणि पाथरवट मी होतो. बोलावणाऱ्याच्या जवळ जाऊन त्याचे ऐकणे, ही मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता होय.”

तेव्हा एक भिक्षू उठला आणि त्याने आपले आसन कुंडलाशेजारी नेऊन अंथरले.