वाटीभर विरजण

एका गावात साठ घरं होती, आणि साठही घरांना शेजारी डोकावल्याशिवाय करमत नसे.

त्या वर्षी आसपासच्या गावांत लेकरांना डांग्या खोकला लागला. तेव्हा म्हाताऱ्या पुजाऱ्याने जुन्या रीतीने दवंडी दिली, “पाच मंगळवार पाळक! नांगर धरायचा नाही, जातं फिरवायचं नाही, उसनं द्यायचं-घ्यायचं नाही, दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही हो!”

पहिल्या मंगळवारी नांगर आडवे पडले, जात्यांवर फडकी आली. आणि काम नाही म्हणून लोकांनी केलं काय? पुरुष पारावर सोंगट्या खेळायला जमले, बायका एकमेकींच्या ओसरीवर!

गावात एक तरुण आई होती. तिचं बाळ सहा महिन्यांचं. तिने मात्र दाराला कडी घातली. तेवढ्यात शेजारीण आली. कडेवर खोकणारं पोर, हातात वाटी.

“जरा विरजण दे गं.”

“आक्का, आज पाळक ना?” आई दाराआडूनच म्हणाली.

“पाळलाय की! सकाळपासून जात्याला हात नाही लावला.”

“अहो, खोकला जात्याला होतो का? का नांगराला होतो? माणसं एकमेकांपासून लांब राहावीत म्हणून तर सगळं बंद! किती वेळा सांगायचं? पोराला घरी निजवा.”

“अगं, ठसका लागलाय त्याला. वाटीभर विरजणाला एवढं पुराण! दूध नासेल माझं.”

“नासू द्या.”

“कंजूष मेली!” शेजारीण फणकारली आणि पोराला घेऊन दारोदार फिरली. सहा घरांत बसली, बोलली. विरजण काही मिळालं नाही. सातव्या घरच्या आजीने मात्र आत बोलावलं, पोराचा मुका घेतला, वाटी भरून दिली. आजीच्या मांडीवर दोन महिन्यांची नात होती.

तिसऱ्या मंगळवारपर्यंत सातही घरं खोकू लागली. शेजारणीचं पोर खंगलं, पण वाचलं. आजीची नात वाचली नाही.

पाचव्या मंगळवारी पार रिकामा, ओसऱ्या रिकाम्या. तरुण आईने खिडकीतून हाक दिली, “आक्का, विरजण आहे का घरात? नसेल तर कुंपणावर ठेवू वाटीभर?”

शेजारीण आपल्या दारातच उभी होती. पोराला पोटाशी धरून ती म्हणाली, “नको गं बाई. आज पाळक आहे. नासू दे दूध.”

तात्पर्य: रीत पाळायची तर ती कशासाठी घातली ते आधी समजून घ्यावं, नुसतं जातं थांबवून साथ थांबत नाही, पाय थांबवावे लागतात.