दाटीची पंगत

ही गोष्ट गावात सगळे हसत सांगतात, पण मी ती सांगायची नाही, असं चंद्रिकाकाकीने बजावलं होतं.

खाडीत बायकांच्या गटाची शिणाण्यांची शेती होती. शिणाणे म्हणजे दोरीला चिकटून वाढणारे शिंपले. त्यांचं बी दोरीवर विरळ बांधायचं, असं काकीचं म्हणणं. पण गटाला दोऱ्या आणि होडी देणारे तात्या मयेकर गरजले, "दुप्पट बांधा, दुप्पट निघतले! माका शिकवू नका." तात्यांपुढे बोलणार कोण? अख्खं पीक मात्र वाया जाणार होतं.

बी बांधायच्या दिवशी जेवण काकीकडे होतं. तिने एका सतरंजीवर दुप्पट माणसं बसवली आणि तात्यांना बरोब्बर मधे. काही केल्या त्यांचा हात तोंडापर्यंत जाईना.

"अगो चंद्रिका, घास घेवक जागा खंय हा?"

"जागा तेवढीच, माणसां दुप्पट," काकी वाढता वाढता म्हणाली. "तात्यानू, शिणाण्यांका पण तुमी ह्याच सांगितलास मा?"

पंगत खदखदून हसली. तात्या पानावरून उठले. "बांधा तुमका होया तशी," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते खाडीवर आलेच नाहीत.

त्या वर्षी शिणाणे चांगले टपोरे झाले. काकीने पहिलं कालवण वाटीत घालून तात्यांकडे पाठवलं. आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी कुणी रिकामी परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तात्यांकडून वाटी घासूनपुसून, रिकामी आली. ती हातात धरून काकी म्हणाली, "चार माणसांत बोलाक नको होता."

आज तिने पुन्हा वाटी भरली आहे. ती मीच नेणार आहे, आणि तात्यांनी दार उघडलं तर सांगणार आहे की काकी अजून—

"शालू, कालवण निवता गो!"